रिबन ट्विटरसाठी अ‍ॅम्प्लिफायर: ट्रान्सफॉर्मर ठेवावा की काढावा?

खऱ्या रिबन ट्विटरसाठी, म्हणजे चुंबकांमधल्या फटीत ताणलेली धातूची पातळ पट्टी थरथरवून उंच स्वर वाजवणाऱ्या स्पीकरसाठी, अ‍ॅम्प्लिफायर बांधायला घेतला की एक निर्णय आधीच करावा लागतो. ट्विटरच्या पाठीशी असलेला, रिबनचा अत्यल्प रोध अ‍ॅम्प्लिफायरला वाढवून दाखवणारा ट्रान्सफॉर्मर तसाच ठेवून त्याला नेहमीच्या धाटणीचा अ‍ॅम्प्लिफायर जोडायचा, की ट्रान्सफॉर्मर काढून थेट रिबनलाच प्रवाह पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर करायचा? मी दोन्ही प्रकार ट्विटरच्या एकाच जोडीवर बांधून बराच काळ ऐकले आहेत. प्लॅनर ट्विटरना हा प्रश्न पडत नाही, कारण त्यांच्या पडद्यावरच्या नागमोडी वाहकाचा रोध मुळातच काही ओहम असतो. एक ओहमसाठी प्रसिद्ध असलेला अपोजी सिंटिला हा रिबन स्पीकरसुद्धा इथे बाजूला ठेवलेला बरा. आपण बोलत आहोत ते ०.१ ओहमच्या आसपासच्या रिबनबद्दल.

थेट जोडणीची ओढ मला समजते. ट्रान्सफॉर्मर गेला की गाभ्याचे संपृक्त होणे, वेढ्यांमधली गळती आणि वरच्या टोकाला येणारी घसरण हे सारेच प्रश्न जातात. माझ्या कानांना तंबोऱ्याची जवारी आणि टाळांचा विरत जाणारा नाद थेट जोडणीत किंचित अधिक मोकळा वाटला. फरक सूक्ष्म होता आणि सर्वांना तो तितकाच जाणवेल असे मी म्हणणार नाही, पण तो होता.

मात्र आकडे फारच प्रतिकूल आहेत. ०.१ ओहममध्ये १० वॅट द्यायचे तर व्होल्टेज लागते अवघे १ व्होल्ट आणि प्रवाह लागतो १० अँपिअर. आउटपुट ट्रान्झिस्टरना काम करायला स्वतःचे दोनतीन व्होल्ट लागतातच, त्यामुळे पुरवठा ±५ व्होल्टच्या फार खाली नेता येत नाही आणि रिबनच्या १० वॅटसाठी पुरवठ्यातून चाळीसहून अधिक वॅट खेचले जातात. २एससी५२०० आणि २एसए१९४३ या आउटपुट ट्रान्झिस्टरांच्या चार जोड्या समांतर लावून प्रत्येकाला ०.२२ ओहमचा एमिटर रेझिस्टर दिला, तरी त्यांचा एकत्रित रोध ०.०५५ ओहम भरतो, म्हणजे रिबनला मिळणाऱ्या शक्तीच्या निम्म्याहून अधिक शक्ती त्यांतच जळते. स्थैर्यासाठी आउटपुटला २ मायक्रोहेन्रीची कॉइल लावायची आपली सवय असते. २० किलोहर्ट्झला ती ०.२५ ओहम होते, रिबनच्या अडीचपट. ती काढावी लागते, आणि मग अ‍ॅम्प्लिफायरचे स्थैर्य पुन्हा पहिल्यापासून तपासावे लागते. हे ट्रान्झिस्टर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणायचे तर खऱ्याखोट्याची पारख करावी लागते, तेही समांतर जोडणीत अधिकच जाचक ठरते, कारण एक बनावट नग बाकीच्यांनाही घेऊन जातो.

हे सर्व मी सोसले असते. माझा निर्णय ज्याने केला ती गोष्ट म्हणजे वायर.

२.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ७ मिलिओहम असतो. अर्ध्या मीटरच्या जोडवायरीत जाणारी-येणारी धरून तेवढाच रोध येतो, म्हणजे रिबनच्या सात टक्के, आणि तो सहन करता येतो. खरा त्रास इंडक्टन्सचा, म्हणजे वारंवारतेबरोबर वाढत जाणाऱ्या अडथळ्याचा आहे. शेजारी-शेजारी नेलेल्या जोडवायरीचा इंडक्टन्स मीटरमागे ०.६ मायक्रोहेन्री धरला, तर दोन मीटरमध्ये २० किलोहर्ट्झला ०.१५ ओहम होतात. रिबनपेक्षा दीडपट अडथळा नुसत्या वायरीत, आणि वरच्या टोकाला तीन डेसिबलहून जास्त घट. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर, त्याचा हीटसिंक आणि फीडबॅकची स्वतंत्र तार हे सारे ट्विटरच्या पाठीवरच बसवावे लागते. त्यानंतर उरतात सांधे. प्रत्येक लग, प्रत्येक वॉशर एकदोन मिलिओहमची भर घालतो, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तांबे काळवंडले की ती भर वाढते. माझ्याकडे उजव्या बाजूचा नाद हळूहळू मंदावत जायचा. पाठ उघडून स्क्रू सोडवायचे, पितळी पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने घासायचे आणि पुन्हा आवळायचे, की तो पूर्ववत व्हायचा. ऐकायला बसताना सांध्यांची शंका मनात असणे मला मानवले नाही.

डीसीचाही विचार व्हावा. आउटपुटला ५० मिलिव्होल्टचा ऑफसेट, म्हणजे सिग्नल नसतानाही राहणारे डीसी व्होल्टेज, एरवी क्षम्य असतो. इथे त्यामुळे अर्धा अँपिअर प्रवाह वाहतो आणि रिबन फटीच्या मध्यातून सरकते. संरक्षणासाठी कपॅसिटर लावायचा तर ३ किलोहर्ट्झच्या क्रॉसओव्हरला, म्हणजे जिथून वरचे स्वर ट्विटरकडे सोपवले जातात तिथे, ५३० मायक्रोफॅरॅड लागतात. ट्रान्सफॉर्मरने ८ ओहम केलेल्या ट्विटरला तेच काम ६.६ मायक्रोफॅरॅडचा साधा फिल्म कपॅसिटर करतो आणि प्रायमरीलाही (ट्रान्सफॉर्मरच्या अ‍ॅम्प्लिफायरकडच्या वेढ्यांनाही) डीसीपासून वाचवतो.

ट्रान्सफॉर्मर ठेवला की अ‍ॅम्प्लिफायरबद्दल लिहिण्यासारखे फारसे उरत नाही. ९:१ च्या वेढ्यांनी रिबनचे ८ ओहम होतात, १० वॅटसाठी ९ व्होल्ट आणि जेमतेम १.१ अँपिअर लागतात, आणि ±२५ व्होल्टवरची एलएम३८८६ ही तयार अ‍ॅम्प्लिफायर चिप हे काम शांतपणे करते. वायर काही मीटर लांब असली तरी चालते.

ज्यांच्याजवळ लेथ, मोजमापाची साधने आणि दुरुस्तीची हौस आहे, त्यांनी थेट जोडणी जरूर करून पाहावी. इतरांनी वाचलेला पैसा ट्रान्सफॉर्मरवर घालावा असे मला वाटते. सेकंडरी (रिबनकडचे वेढे) रुंद तांब्याच्या पट्टीची असावी आणि ती प्रायमरीच्या दोन थरांमध्ये यावी, असे गुंडाळणाऱ्याला आधीच सांगावे. हाती आल्यावर सेकंडरीची टोके जाड पट्टीने शॉर्ट करून प्रायमरीचा इंडक्टन्स, म्हणजेच वेढ्यांमधली गळती, मोजावा: ६० मायक्रोहेन्रीच्या पुढे आकडा आला तर २० किलोहर्ट्झला तीन डेसिबल जातात, २० च्या खाली आला तर घट अर्ध्या डेसिबलहूनही कमी राहते आणि तो ट्रान्सफॉर्मर निश्चिंतपणे बसवावा.