शेवगा, कांचन की कुडा : फुलांची भाजी कुठल्या झाडापासून सुरू करावी?

माघ सरला की कोल्हापूरच्या आसपास फुलांच्या भाजीसाठी तीन झाडं नजरेत येतात. शेवगा परसात आणि उसाच्या बांधावर, कांचन बागांमध्ये आणि सोसायट्यांच्या कुंपणाशी, तर पांढरा कुडा पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याच्या उतारांवर. तो मात्र चैत्र-वैशाखात फुलतो. पहिल्यांदाच करणार असाल तर बेलाशक शेवगा घ्या. त्यात थोडं चुकलं तरी भाजी खाण्याजोगी राहते. कांचन चुकला तर तुरट होतो, कुडा चुकला तर कडूजहर, आणि मग सगळी कढई वाया जाते.

शेवग्याची फुलं सकाळी, ऊन चढायच्या आत घ्यावीत. झाडावर चढू नका, शेवग्याची फांदी ठिसूळ असते, कडकन मोडते. खाली जुनी चादर पसरून आकडीनं फांदी हलकी हलवा. हलवल्यावर जी सुटतात तीच फुलं घेतली तर झाडाला शेंगाही धरतात. घोसच ओरबाडले तर तेवढ्या शेंगा गेल्या. पांढरट, टवटवीत फुलं आणि कळ्या ठेवा, पिवळी पडून लुळी झालेली काढून टाका. भाजी कडवट होते ती बहुधा त्यांच्यामुळेच. जाड देठही खुडा, ते दातात अडकतात.

चार वाट्या फुलं शिजून जेमतेम वाटीभर उरतात, म्हणजे दोघांपुरती. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवली की मुंग्या आणि बारीक अळ्या वर येतात. पाव वाटी मूगडाळ अर्धा तास भिजवा. दोन चमचे तेलात जिरं, ठेचलेला लसूण, एक कांदा, मग डाळ घालून पाण्याचा हबका मारा आणि झाकण ठेवा. डाळ बोटानं चेपली जाऊ लागली की चमचाभर कांदा-लसूण चटणी आणि फुलं घाला. आता झाकण नको. झाकलं की वाफेचं पाणी परत कढईत पडतं आणि फुलांचा लगदा होतो. उघड्यावर चार मिनिटं परतणं पुरे. मीठ शेवटी, कारण ढीगभर फुलं बघून टाकलेलं मीठ आटलेल्या भाजीला हमखास जास्त होतं. वरून दोन चमचे शेंगदाण्याचं कूट. सोबत ज्वारीची भाकरी.

कांचनाला काम जास्त, पण पाहुण्यांना वाढायची तर हीच भाजी. कळीला चावा असतो, त्यामुळे ती रश्शात उभी राहते. फाल्गुनाच्या सुमारास फुलणारा रक्तकांचन घ्यावा. तेव्हा झाडावर पानं कमीच असतात, पण आपट्यासारखं जोडपान आणि लांब चपट्या शेंगा दिसल्या की ओळख पटते. कळी बोटाच्या पेराएवढी, हिरवी, घट्ट मिटलेली हवी. टोकाशी गुलाबी रेघ चालेल. उमललेलं फूल मात्र शिजताना विरून जातं. पाव किलो कळ्या देठ काढून उकळत्या मीठ-पाण्यात सहा-सात मिनिटं ठेवा, ते पाणी फेकून द्या आणि कळ्या हातानं पिळून घ्या. तुरटपणा त्या पाण्याबरोबर जातो. लोखंडी कढई इथे नको, कळीतल्या तुरट द्रव्यानं भाजी काळी पडते. कांदा आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण परतून कळ्या घाला. शेवटी अर्धी वाटी दही चमचाभर बेसन घालून फेटा आणि बारीक आचेवर घाला. बेसन नसेल किंवा आच मोठी असेल तर दही फुटतं.

कुड्याची भाजी ज्यांना कारल्याचा कडूपणा आवडतो त्यांच्यासाठी. पण नवख्यानं एकट्यानं जाऊन ती फुलं तोडू नयेत, हे आम्ही आग्रहानं सांगतो. कुडा विषारी कण्हेरीच्याच कुळातला; दोघांनाही चीक येतो आणि फुलं पाच पाकळ्यांची. झाड दरवर्षी ओळखणारं, त्याची भाजी खाणारं गावातलं माणूस सोबत असेल तरच घ्या. फुलं दोनदा उकळून दोन्ही पाणी ओतून द्यायचं, घट्ट पिळायचं, भरपूर कांदा घालून परतायचं. पहिल्या वेळी माणशी दोन चमच्यांपेक्षा जास्त वाढू नका. गरोदर बाईला देऊ नका.

फुलं कुठून घेता हेही पाहा. उसात तणनाशक फवारलं असेल तर बांधावरचा शेवगा त्या हंगामात सोडून द्या, हायवेच्या कडेचा तर नेहमीच. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत काहीही तोडायचं नाही.

शेवग्याची फुलं संध्याकाळपर्यंत काळवंडतात, तेव्हा आणली त्याच दिवशी करा. कांचनाच्या कळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या तर दुसऱ्या दिवशीही चालतात. रविवारी पाहुणे असतील तर शनिवारी तोडून ठेवा.