एअर फ्रायर: अकरा महिने, चार रबरं

भाऊजी चिकन विंग्स खाताना बोलत नाहीत, त्यामुळे ते मध्येच थांबले तेव्हा सगळ्यांचंच लक्ष गेलं. चार-पाच वेळा चावून बघितलं, मग तोंडातून काहीतरी काढून ताटाच्या कडेला ठेवलं आणि म्हणाले, "वहिनी, हे कुठलं हाड? तुटतच नाहीये."

हाड नव्हतं ते. एअर फ्रायरच्या बास्केटमधल्या जाळीच्या चार कोपऱ्यांवर काळी रबरं बसवलेली असतात ना, त्यातलं एक होतं. नखाएवढं, सॉसमध्ये नीट घोळलेलं, आणि खरं सांगायचं तर विंगच्या सांध्याजवळ जी मऊ कूर्चा असते तिच्यासारखंच दिसणारं. भाऊजींच्या जागी मी असते तर मीही चावलंच असतं.

त्या रात्री भांडी घासताना ठरवलं की आता या यंत्राचा रिव्ह्यू लिहायचाच. लिटर, वॉट वगैरे खोक्यावर छापलेलं असतं, ते मी पुन्हा सांगत बसत नाही. मी हे यंत्र घेतलं ते फक्त चिकन विंग्ससाठी, आणि अकरा महिने त्यात मुख्यतः विंग्सच केल्या आहेत. बाकी काही करायचं असेल तर माझं मत फार धरू नका.

पहिले दोन महिने मी वैतागले होते. विंग्स शिजायच्या, रंगही बरा यायचा, पण कातडी चिवट. दाताने ओढली की अख्खी निघून हातात यायची. तेलात तळलेल्या विंगला जो कुर्रकन आवाज येतो तो नाहीच. तापमान वाढवलं, वेळ वाढवली, वरून तेल फवारलं. मांस कोरडं झालं, कातडी तशीच. दोनदा यंत्र विकायला काढलं. एकदा तर फोटोही काढून ठेवले होते.

चूक यंत्राची नव्हती, हे नंतर कळलं. मी विंग्स नळाखाली धुऊन, थोड्या निथळवून तशाच आत टाकत होते. कातडी ओली असेल तर यंत्राची पहिली दहा मिनिटं नुसतं पाणी उडवण्यात जातात. पाणी आहे तोवर कातडीचं तापमान १०० अंशांच्या वर काही चढत नाही, आणि खरपूस रंग यायला ते १४०च्या आसपास जावं लागतं. म्हणजे मी दर वेळी कातडी आधी वाफवत होते आणि मग ती कुरकुरीत होत नाही म्हणून कुरकुरत होते. तसंही कच्चं चिकन धुऊ नये असंच सांगतात, कारण ते पाणी आणि त्यातले जिवाणू सिंकभर उडतात. आता मी धुणं बंद केलंय. टिश्यूने एकेक तुकडा टिपते, सांध्याजवळच्या घडीतसुद्धा. तिथेच पाणी लपलेलं असतं.

मग बेकिंग पावडर. ही युक्ती बहुतेकांना माहीत असेल, मला नव्हती. आणि माहीत झाल्यावर मी घातला गोंधळ. घरात पावडर संपलेली, खायचा सोडा होता. एकाच जातीचे आहेत म्हणून सोडा लावला, तोही सढळ हाताने. दिसायला इतक्या सुंदर विंग्स मी आजवर केल्या नव्हत्या. चवीला साबण. धाकट्याने एक घास घेतला आणि उठून चूळ भरून आला. पावडरीत सोड्याबरोबर आम्लही असतं, त्यामुळे ती सौम्य पडते. नुसता सोडा सौम्य नसतो.

एक किलोला दोन सपाट छोटे चमचे पावडर आणि चवीपुरतं मीठ, एवढं पुरतं. लावून जाळीच्या स्टँडवर सुट्या मांडायच्या आणि झाकण न ठेवता रात्रभर फ्रिजमध्ये, सगळ्यात खालच्या कप्प्यात, म्हणजे दुसऱ्या कशावर काही ठिबकणार नाही. सकाळी कातडीला बोट लावलं तर कागदासारखी लागते, थोडी पारदर्शक दिसते. मीठ आणि फ्रिजची हवा पाणी ओढून घेतात. पावडरीमुळे कातडी किंचित अल्कधर्मी होते, मग रंग लवकर धरतो आणि वर बारीक बुडबुडे फुटून खरखरीत पापुद्रा तयार होतो. पावडर घेताना डब्यावर अॅल्युमिनियम नसल्याचं लिहिलंय का ते बघा. काही पावडरींचा जिभेवर धातूसारखा कडवटपणा राहतो.

पहिल्यांदा असं केलं त्या दिवशी एक विंग उचलून ताटलीवर आपटली. टक्क आवाज आला. दुसरी आपटली, पुन्हा टक्क. स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून मी तीन विंग्स वाजवल्या. विकायला काढलेले फोटो त्याच रात्री डिलीट केले.

आता माझी पद्धत ठरलेली आहे. टोकं कापून सूपसाठी फ्रीजरमध्ये, उरलेल्या विंगचे सांध्यातून दोन तुकडे. १९० अंशांवर बारा मिनिटं, उलटवून २०० वर अजून आठ ते दहा. थर्मामीटर असेल तर ७४ अंशांना चिकन खायला सुरक्षित होतं, पण विंग्स तिथे थांबवू नका. ८५-९० पर्यंत जाऊ द्या, म्हणजे आतल्या चिवट शिरा विरघळतात आणि मांस हाडावरून सुटतं. छातीच्या तुकड्याचा इतक्या तापमानाला भुसा होईल, विंगला मात्र ते मानवतं.

सॉस अगदी शेवटी, ताट समोर आल्यावर. लोणी वितळवून त्यात तिखट सॉस, बस्स. या विंग्सचं मूळ अमेरिकेतल्या बफेलो शहरातला अँकर बार, साल १९६४, असं सांगितलं जातं. तिथेही पीठबीठ लावत नाहीत, नुसत्या तळतात आणि सॉसमध्ये घोळवतात. अर्थात तळलेल्याची सर याला नाही. शेजारी शेजारी ठेवून खाल्लं तर कोणीही ओळखेल. पण तळणीचं उरलेलं तेल गाळून, बाटलीत भरून, पुढचे पंधरा दिवस प्रत्येक गोष्टीला चिकनचा वास येत असताना ते कसं संपवायचं, हा प्रश्न माझ्या घरात आता नाही. उलट एक किलो विंग्समधून खाली जवळजवळ पाव वाटी चरबी निघते. तीही मी टाकत नाही, बटाटे परतायला वापरते. धूर झाला तर जाळीखाली दोन चमचे पाणी घालून ठेवायचं, एवढंच.

लिटरच्या आकड्यावर मात्र जाऊ नका. चार लिटर म्हणजे बास्केट काठोकाठ भरली तर, आणि काठोकाठ भरली की विंग्स कुरकुरीत होत नाहीत. एकावर एक रचल्या की मधल्या वाफवल्या जातात. आपल्याला लागते तळाची रुंदी. माझ्यात एका वेळी बारा तुकडे बसतात, तेरावा नाही. पाचजण जेवायला असतील तर तीन खेपा, आणि पहिली खेप खाणाऱ्याला शेवटची मिळेपर्यंत पुन्हा भूक लागलेली असते.

यंत्राचा पंखा, टायमर, आवाज याबद्दल तक्रार नाही. आता रबर.

ही रबरं दोन कामं करतात. जाळी हलू देत नाहीत, आणि जाळीचा पत्रा बास्केटच्या कोटिंगवर घासू देत नाहीत. पहिलं रबर चौथ्या महिन्यात सिंकच्या जाळीत सापडलं. पुन्हा बसवलं. मग ते दर धुण्याला निघायला लागलं. सातव्या महिन्यात दुसरं गेलं, कुठे ते आजपर्यंत कळलेलं नाही. तीन रबरांवर जाळी एका कोपऱ्यात डुगडुगायची आणि बास्केट ओढली की खडखडायची. तिसरं भाऊजींनी चावलं.

सर्व्हिसला फोन केला. रबर सुटं मिळत नाही म्हणाले. बरं, जाळी द्या. जाळीही सुटी नाही, बास्केटसकट घ्यावी लागेल. बास्केटची किंमत नव्या यंत्राच्या निम्म्याच्या वर! नखाएवढ्या रबरासाठी! वॉरंटी आहे म्हटलं, तर रबराचे भाग वॉरंटीत येत नाहीत. पुढच्या फोनवरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही बास्केट उलटी करता का?" मी म्हटलं, मग विंग्स काढायच्या कशा? ती म्हणाली, "चिमट्याने. उलटी करायची नाही, पुस्तिकेत लिहिलंय." मी फोन ठेवला आणि पुस्तिका काढली. सहाव्या पानावर चित्रासकट लिहिलं होतं, उलट्या बास्केटवर मोठी फुली. अकरा महिने मी प्रत्येक खेप ताटात उलटी करत आले होते.

म्हणजे चूक माझीही आहे. तरी माझं म्हणणं असं, की जी वस्तू गरम होणार, तुपकट होणार आणि रोज धुतली जाणार, तिला नुसत्या दाबावर अडकवलेलं रबर का? एक खाच देता आली असती. आणि दिलंच रबर, तर खोक्यात दोन जास्तीची टाकायला काय जातं? शर्टालासुद्धा जास्तीचं बटण शिवून येतं.

एकूण सात फोन केले. प्रत्येकाची तारीख कॅलेंडरवर लिहिली आहे. मध्यंतरी घरगुती उपाय केले. रबराऐवजी जाळीखाली फॉइलच्या गोळ्या ठेवून बघितल्या, पण त्या दबल्या. एका ओळखीच्यांनी कुठलंही रबर चिकटव म्हणून सांगितलं. ते मी केलं नाही. २०० अंशांना ते रबर आणि तो गोंद काय सोडतील कोण जाणे, आणि खायचं आपल्यालाच. मूळचं सिलिकॉनचं असतं, ते त्या उष्णतेला टिकतं. भाऊजींनी चावूनही टिकलं.

इथवर लिहून मी अडीच तारे देऊन मोकळी होणार होते. पण चार दिवसांपूर्वी बेल वाजली. सर्व्हिसचा मुलगा आला होता, सातव्या फोनच्या तक्रारीवर. त्याने जाळी बघितली, काही बोलला नाही, बॅगेतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत मूठभर रबरं! "हे सगळ्यांचंच होतं काकू, म्हणून मी बाळगतोच," म्हणाला. चार बसवली, दोन वर दिली. पैसे विचारले तर राहू द्या म्हणाला. चहा घेतला आणि गेला. जे सुटं मिळतच नाही असं सात वेळा ऐकलं, ते याच्या बॅगेत किलोने होतं.

म्हणून साडेतीन केले. दोन दिवस खूश होते.

फक्त ही नवी रबरं जुन्यांपेक्षा किंचित जाड आहेत. जाळी आता हलत नाही, खडखडत नाही, आणि धुवायला निघतही नाही. काल चमच्याचा दांडा घालून उचकटायला गेले, दांडा सटकला आणि बास्केटच्या कोटिंगवर बोटभर लांब ओरखडा उठला. अकरा महिन्यांतला पहिलाच. तीन तारे.