एका नोंदीत दोन शरद जोशी : वाचनालयाच्या नव्या ग्रंथसूचीचे परीक्षण

निपाणी परिसरातील एका वाचनालयाने सभासदांसाठी मोबाइलवर पाहता येणारी ग्रंथसूची सुरू केली असून, हवे असलेले पुस्तक जागेवर आहे की कोणी घरी नेले आहे, हे चिकोडी-संकेश्वरच्या वाचकाला बस धरण्यापूर्वीच समजते. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी शोध अडत नाही आणि मराठी, कन्नड व हिंदी पुस्तके एकत्र दिसतात. एवढ्यापुरती ही सेवा उत्तम आहे. घोटाळा होतो तो लेखकाच्या नावाने शोध घेताना.

'शरद जोशी' असे लिहिले की 'अंगारमळा' आणि 'जीप पर सवार इल्लियाँ' ही पुस्तके एकाच लेखकाच्या खात्यावर दिसतात. पहिल्याचे लेखक 1935 साली साताऱ्यात जन्मलेले, शेतकरी संघटनेचे संस्थापक. दुसऱ्याचे 1931 साली उज्जैनला जन्मलेले हिंदी व्यंगकार, ज्यांनी दूरदर्शनसाठी 'ये जो है जिंदगी' लिहिली. त्यावर कडी म्हणजे तो व्यंगसंग्रह 'शेती' या विषयात घातला आहे, बहुधा शीर्षकातील अळ्यांमुळे. (हरभऱ्यावरील अळी पाहायला निघालेल्या सरकारी जीपची ही थट्टा संघटनेच्या कार्यकर्त्यांना रुचली असती, हा भाग वेगळा.) अन्यत्र ही गफलत हसण्यावारी नेता आली असती, पण ज्या गावाजवळ 1981 साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्गावर ठाण मांडले आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले, तेथील वाचनालयात त्या आंदोलनाच्या नेत्याची ओळख वाचताना विद्यार्थ्याला जन्मसाल व्यंगकाराचे आणि कार्य शेतकरी नेत्याचे मिळावे, हे क्षम्य नाही.

वामनराव जोशींचीही तीच गत झाली आहे. 'रागिणी' लिहिणारे वामन मल्हार आणि 'रणदुंदुभी' लिहिणारे वीर वामनराव हे समकालीन होते आणि दोघांनीही ब्रिटिशांचा तुरुंगवास भोगला होता, त्यामुळे त्यांना एक समजणे सोपे. म्हणूनच सूचीने अधिक दक्ष असायला हवे होते. शाहू महाराजांच्या बाबतीत मात्र सातारचे आणि कोल्हापूरचे राजर्षी नीट वेगळे ठेवले आहेत.

विशेष म्हणजे जुन्या कार्डांवर लेखकाचे वडिलांच्या नावासह पूर्ण नाव लिहिलेले आहे. संगणकात नोंदी भरताना केवळ नाव आणि आडनाव घेतले गेले, आणि सारखी नावे आपोआप एकत्र झाली. वडिलांचे नाव आणि जन्मसाल यांसाठी दोन रकाने वाढवले, तर बहुतेक गुंता सुटेल. तोपर्यंत सभासदांनी पुस्तकाच्या शीर्षकावरून शोध घ्यावा, आणि लेखकाविषयी खात्री करायची असल्यास ग्रंथपालांकडून कार्डांचा खण मागून घ्यावा. ते तो विनातक्रार काढून देतात.