लाखेचा खुळखुळा की बिनरंगी लाकूड?

नातू आठ महिन्यांचा. हाताला लागेल ते थेट तोंडात. तुळशीबागेतून आणलेला लाखेचा खुळखुळा आणि भावजयीने दिलेली कडुनिंबाची बिनरंगी कडी, दोन्हींवर सध्या त्याचा डोळा आहे.

कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या पद्धतीच्या कामात रंग ब्रशने लावत नाहीत. लेथवर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते, मग केवड्याच्या पातीने घासून चकाकी आणतात. असा थर सहसा पोपडे धरत नाही. मात्र लाख निर्धोक असली तरी तिच्यात घातलेला रंग कोणता, हे विचारावंच लागतं. तशीच दिसणारी, साध्या ऑइलपेंटची खेळणीही शेजारीच मांडलेली असतात. नखाने कड खरवडून बघा. पापुद्रा निघाला तर तिथेच ठेवा.

बिनरंगी कडीत रंगाची भानगडच नाही. पण सतत ओली राहिली की लाकडाचे तंतू उठतात, कुसळ टोचतं. आमची महिन्याभरात खरखरीत झाली. बारीक पॉलिशपेपर मारला, खोबरेल चोळलं, परत गुळगुळीत. भिजत मात्र घालायची नाही, ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवायची.

खेळण्यांना आयएसआय शिक्का १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचा आहे, पण नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणून शिक्का नसला की लगेच वाईट ठरवू नका, विक्रेत्याला खोदून विचारा.

मी चावायला कडी देते. खुळखुळा वाजवायला, तोही समोर बसून. आतले मणी निसटले तर घशात अडकायचे.