दुधातील तणनाशकाचे अंश तपासून घेताना : एका प्रयोगशाळेचा अनुभव

यावल तालुक्यात आमचा बारा म्हशींचा गोठा आहे. शेजारच्या केळीच्या बांधावर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारल्यानंतर तिथलेच गवत आमच्या जनावरांच्या तोंडी गेले, हे लक्षात येताच रतीबाच्या घरांना आम्ही ते सांगून टाकले आणि दूध एका खासगी प्रयोगशाळेत तपासायला पाठवले.

पहिला अहवाल आला तेव्हा प्रत्येक ओळीपुढे ‘आढळले नाही’ असे होते. घरात सगळ्यांना हायसे वाटले. पण रात्री यादी शांतपणे वाचली, तर तिच्यात ग्लायफोसेटचे नावच नव्हते. नमुना स्वीकारणाऱ्याला आम्ही कशासाठी आलो आहोत हे स्पष्ट सांगूनही त्याने ‘बहुघटक तपासणी’वर, म्हणजे एकाच वेळी अनेक रसायनांचे अंश शोधणाऱ्या तपासणीवर, खूण करून पैसे घेतले होते. ही चूक मला गंभीर वाटते, कारण यादी न वाचणारा माणूस हाच कागद गिऱ्हाइकांना दाखवत राहिला असता.

तपासणी करणाऱ्या रसायनतज्ज्ञ बाईंनी मात्र फोनवर सगळे उलगडून सांगितले. कपाशीत वापरले जाणारे पेंडीमेथालिन हे तणनाशक स्निग्धांशात मुरते आणि बहुघटक तपासणीत सापडते. ग्लायफोसेट पाण्याला धरून राहते, नेहमीच्या सेंद्रिय द्रावकात उतरत नाही, म्हणून त्याची आणि त्यापासून बनणाऱ्या ‘आम्पा’ या घटकाची तपासणी वेगळ्या पद्धतीने करावी लागते. ते काचेला चिकटत असल्याने दूध प्लास्टिकच्या बाटलीत गोठवून पाठवा, असेही त्यांनी बजावले. आम्ही पहिल्यांदा काचेचीच बाटली धुऊन दिली होती.

दुसरा नमुना थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून रात्रीच्या गाडीने गेला. शुल्क पुन्हा पूर्ण भरावे लागले आणि आठ दिवसांचा वायदा सतरा दिवसांवर गेला. अहवाल मात्र चोख होता. किलोमागे 0.01 मिलिग्रॅमपर्यंतचा अंश मोजता येतो, ही मर्यादा त्यावर छापलेली होती, आमच्या दुधात तेवढाही नव्हता, आणि स्वच्छ दुधात मुद्दाम मिसळलेले ग्लायफोसेट किती टक्के परत सापडले तो आकडाही दिला होता. हा आकडा साधारण 70 ते 120 टक्क्यांत असला तरच पद्धतीवर भरवसा ठेवता येतो.

तपासणीच्या दर्जासाठी मी या प्रयोगशाळेची शिफारस करीन. फक्त पैसे भरण्यापूर्वी ग्लायफोसेटचे नाव, मोजण्याची मर्यादा आणि त्याच तपासणीला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का, हे लेखी मागावे. जनावराच्या पोटात गेलेले ग्लायफोसेट बहुतांशी शेण-मुतावाटे निघून जाते, दुधात फारच थोडे उतरते; त्यामुळे जनावरांनी काय खाल्ले हे जाणायचे असेल तर चाराच तपासा, हा बाईंचा सल्ला मला सर्वांत मोलाचा वाटला. पोळ्यानंतर बांधावरचे गवत आणि दूध असे दोन्ही नमुने आम्ही तिथेच पाठवणार आहोत.