टी४८ प्रोग्रॅमर: मागांच्या जुन्या बोर्डांसाठी घेतला, कामाला आला

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलवाले माझ्याकडे रॅपिअर मागांचे कंट्रोल बोर्ड आणतात. बरेचसे माग परदेशातून जुनेच आलेले, बोर्डावर झेड८० प्रोसेसर आणि भोवती पीएएल चिपा, म्हणजे कोणत्या इनपुटला कोणतं आउटपुट द्यायचं हे आत भरून ठेवलेल्या लॉजिक चिपा. माग धडधाकट असतो, पण वीस पायांची एक चिप गेली की बंद. पीएएल १९७८ मध्ये आली. आतले फ्यूज एकदा जाळले की कायमचे. कोरी कुठून मिळवली, तरी आत काय भरायचं ते बोर्ड बनवणाऱ्यालाच ठाऊक.

एक्सजीकू कंपनीचा टी४८, म्हणजे चिपांत मजकूर भरणारं आणि वाचणारं यंत्र, मी यासाठीच घेतला. मायक्रोचिपची एटीएफ१६व्ही८बी ही चिप पीएएल १६एल८ च्या जागी पायाला पाय बसते, शिवाय पुसून पुन्हा भरता येते. टी४८ ती लिहून, पडताळून काही सेकंदांत देतो. ७४ मालिकेच्या साध्या लॉजिक चिपाही तपासतो, तेवढ्यावरही रोजचं बरंच काम निघतं.

मात्र ‘युनिव्हर्सल’ या शब्दावर जाऊ नका. जुनी पीएएल हा थेट वाचत नाही. परवा एका अण्णांना म्हटलं, "शेजारच्या चालू मागातली तीच चिप आणा." ती अडाप्टरवर लावून एप्रॉम (मेमरी चिप) म्हणून वाचली, म्हणजे इनपुटचा प्रत्येक मेळ पत्ता म्हणून दिला आणि आउटपुट काय येतं ते नोंदवलं. दहा इनपुट, म्हणजे १०२४ मेळ. बाराव्या पायावर त्यातल्या फक्त १२८ ठिकाणी शून्य. नीट पाहिलं तर झेड८०च्या पत्त्याच्या सर्वांत वरच्या दोन लाइन १ आणि मेमरी रिक्वेस्टचा सिग्नल ० असेल, तेव्हाच तो पाय ० होत होता. रॅमचा चिप सिलेक्ट, म्हणजे रॅमला जागं करणारा सिग्नल! असं एकेक आउटपुट सोडवून विनकपल या सॉफ्टवेअरमध्ये समीकरणं लिहिली, त्यातून चिपमध्ये भरायची २१९४ बिटांची जेडेक फाइल झाली आणि माग चालू झाला. सोळा-आर जातीच्या पीएएलमध्ये आधीची स्थिती लक्षात ठेवणारे फ्लिपफ्लॉप असतात, तिथे ही युक्ती चालत नाही. चालू बोर्डाला लॉजिक अ‍ॅनालायझर (सिग्नल नोंदवणारं यंत्र) लावून बसावं लागतं.

जुनी पीएएल १८० मिलिअँपिअरपर्यंत ओढते, हात लावला तर चटका बसतो. नवी बरीच कमी ओढते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पेटी आधीच तापलेली असते, तिथे हा फायदा मोठा आहे.

तक्रारी दोन. सॉफ्टवेअर विंडोजचं आहे आणि त्याची मदत-फाइल अपुरी. दुसरी यंत्राची नाही, चिपांची: ऑनलाइन एकाकडून ‘कोऱ्या’ म्हणून आलेल्या चिपांत आधीचा मजकूर निघाला. आल्या आल्या ब्लँक चेक करा, म्हणजे चिप खरंच कोरी आहे का ते पाहा.

बोर्डदुरुस्ती करणाऱ्याने टी४८ जरूर घ्यावा. लिहिताना सिक्युरिटी बिटची (चिप परत वाचू न देणाऱ्या कुलपाची) खूण काढून टाका, आणि जेडेक फाइल मागवाल्याच्या पेनड्राइव्हवरही द्या. पुढच्या वेळी चिप गेली, तर त्याचं काम कोणीही करून देऊ शकेल.