इलेक्ट्रिक गाडीचं धुराडं मी बघितलंय

माझी सगळी नोकरी कोळशावरच्या वीज केंद्रात गेली. त्यामुळे काचेवर हिरवं पान आणि ‘झिरो एमिशन’ छापलेली गाडी घरी आली तेव्हा मला हसूच आलं. गाडीला सायलेन्सर नाही, हे खरं. पण तिचं धुराडं मी जन्मभर बघितलंय, आणि ते चांगलंच उंच आहे.

आधी गाडीबद्दल. मधल्या आकाराची, बॅटरी 50 युनिटची (बिलावरचं तेच युनिट, म्हणजे किलोवॉट-तास). चालवायला झकास. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटरचंच जनित्र होतं, गाडी मंदावते आणि वीज परत बॅटरीत जाते. लांब उतारावर स्क्रीनवरचा टक्का घटायच्या ऐवजी एखाद्या आकड्याने वर सरकतो, ते बघायला मला अजून मजा येते. ब्रेक इतके कमी लागतात की दमट हवेत डिस्कवर गंज चढतो, मग मोकळ्या रस्त्यावर मुद्दाम दोन-चारदा करकचून दाबावे लागतात. टायर मात्र लवकर झिजतात. गाडी जड आणि पिकअप दांडगा, दुसरं काय होणार! ब्रेकची धूळ कमी झाली, टायरची वाढली.

आता हिरव्या पानाचा हिशोब. स्क्रीन म्हणते, 100 किलोमीटरला 15 युनिट. भिंतीवरचा मीटर तेवढ्याच अंतराला 17 दाखवतो. मधली वीज चार्जर आणि बॅटरी गरम होण्यात जाते. तारांमधली गळती धरली तर केंद्रातून 18-19 युनिट निघायला हवेत. कोळशाच्या विजेला युनिटमागे साधारण 1 किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. म्हणजे वीज निव्वळ कोळशाची असेल तर 18-19 किलो.

पेट्रोलचं बघू. लिटरला 2.3 किलो. माझी जुनी गाडी 100 किलोमीटरला साडेसहा लिटर प्यायची, म्हणजे 15 किलो. इथे थांबून बरेच जण टाळी मागतात: बघा, पेट्रोलच बरं! पण पेट्रोल काही पंपाखाली उगवत नाही. तेल उपसणं, रिफायनरी, जहाज, टँकर हे सगळं धरलं की त्यावर पाचवा ते चौथा हिस्सा आणखी चढतो, आणि आकडा पुन्हा 18-19 वर येतो. बरोबरी! कोळशाच्या खाणीतून सुटणारा मिथेन, म्हणजे हवा तापवणारा आणखी एक वायू, तोही मोजला तर इलेक्ट्रिक जराशी मागेच.

पण निव्वळ कोळशाची वीज फार थोड्या ठिकाणी असते. विजेच्या जाळ्यात जलविद्युत, वारा, सूर्य, अणू, गॅस असं सगळं मिसळलेलं असतं. मिश्रण युनिटमागे अर्ध्या किलोवर आलं की गाडीचा धूरही निम्मा. आणि कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला विचाराल तर तो सांगेल, प्रश्न किती युनिट भरले एवढाच नाही, किती वाजता भरले हाही आहे. दुपारी सौर वीज भरपूर असली की आम्हाला सांगायचे, लोड उतरवा, म्हणजे वीज कमी बनवा. बॉयलर कमीत कमी आचेवर रेटत ठेवायचा, कारण पूर्ण विझवला तर पुन्हा पेटवून वाफ तयार करायला कित्येक तास. सूर्य कलला की उलटी धावपळ: कोळसा दळायच्या मिल सुरू करा, कोळसा वाढवा. नेमकं त्याच वेळी लोक कामावरून येऊन गाडी प्लगला लावतात. मी शक्यतो दुपारीच लावतो. गाडी तीच, प्लग तोच, तरी धूर वेगळा.

बॅटरीचं कर्ज वेगळं. ती बनवताना तिच्या क्षमतेच्या दर युनिटमागे ढोबळमानाने 60 ते 100 किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. 70 धरला तर माझ्या गाडीने पहिला किलोमीटर पळायच्या आधीच साडेतीन टन खाल्ले. अर्ध्या किलोच्या विजेवर ते फिटायला 35-40 हजार किलोमीटर लागतात. स्वच्छ विजेवर 20 हजारांत काम होतं. आयसीसीटी या स्वच्छ वाहतुकीवर अभ्यास करणाऱ्या संस्थेने 2021 मध्ये गाडीच्या जन्मापासून भंगारापर्यंतचा हिशोब मांडला होता. त्यात मध्यम इलेक्ट्रिक गाडीचं उत्सर्जन पेट्रोलच्या तुलनेत युरोपात 66 ते 69 टक्के, चीनमध्ये 37 ते 45 टक्के आणि भारतात 19 ते 34 टक्के कमी निघालं. सगळीकडे कमीच, पण फरक बघा केवढा. शिवाय माझी पेट्रोल गाडी म्हातारी होत गेली तशी जास्तच प्यायला लागली. हिला मिळणारी वीज मात्र जाळ्यात नवी सौर केंद्रं येतील तशी स्वच्छ होत जाईल.

खाणींचं दुखणं आहेच. बऱ्याच बॅटऱ्यांत कोबाल्ट हा धातू लागतो. जगातला बहुतेक कोबाल्ट काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकातून येतो आणि तिथल्या काही खाणींत लहान मुलंही राबतात. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीत कोबाल्टही नसतो, निकेलही नाही. रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये पळायचं अंतर, थोडी कमी, पण टिकायला चिवट. मी तीच बघून घेतली.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा त्या हिरव्या पानामुळे कापलाय, एक बॅटरीच्या कर्जापोटी. रोज लांब जाणाऱ्याने बिनधास्त घ्यावी. आठवड्यातून एकदा भाजी आणायला गाडी काढणाऱ्याने आहे तीच पेट्रोल गाडी नीट ठेवावी, नवी घेऊन साडेतीन टनांचं कर्ज फिटायचं कधी? आणि ‘असू दे एक्स्ट्रा रेंज’ म्हणून 100 युनिटची बॅटरी घेऊ नका. वर्षातून दोनदा लागणाऱ्या रेंजसाठी वर्षभर तेवढं ओझं ओढत फिरावं लागतं.